जुन्या वाघिणींचे जतन

रेल्वेच्या इतिहासात इंजिनाचे कौतुक होते, वाघिणीचे सहसा होत नाही. निवृत्त इंजिन स्थानकासमोरील चौथऱ्यावर मानाने विराजमान होते. मालवाहू वाघीण मात्र मोडीत निघते. वस्तुतः रेल्वेने देशाच्या आर्थिक जीवनात जो पालट घडविला, त्याचा भार वाघिणींनीच वाहिला. मुंबई-ठाणे गाडी १८५३ मध्ये धावली. पण त्यापूर्वीच, १८५१ मध्ये, रुडकीजवळ सोलानी जलसेतूच्या बांधकामावर वाफेचे इंजिन मातीच्या वाघिणी ओढीत होते.

या दृष्टीने बार्शी लाइट रेल्वेचे उदाहरण बोधप्रद आहे. मुंबईहून दक्षिणेस जाणारा रुंदमापी लोहमार्ग बार्शीला न स्पर्शताच गेला होता. त्यामुळे पेठेतील माल बैलगाड्यांनी स्थानकापर्यंत न्यावा लागे. अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी ७६२ मिलिमीटर मापाचा मार्ग आखला आणि १८९७ मध्ये बार्शी कुर्डुवाडीशी जोडली गेली. पुढे हा मार्ग पंढरपूर, लातूर व १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोचला.

मार्ग स्वस्त हवा, तर रूळ हलके हवेत. आणि हलक्या रुळांना जड वाघीण सोसत नाही. यावर कॅलथ्रॉप यांनी साधा नियम केला : इंजिन असो वा वाघीण, एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही. वाघिणीचा भार दोन बोगींच्या चार आसांवर विभागला गेला. सांगाडा दाबीव पोलादाचा केल्याने तिचे स्वतःचे वजन घटले व मालाला अधिक वाव मिळाला.

या शतकाच्या आरंभी हा मार्ग टप्प्याटप्प्याने रुंदमापी झाला. प्रवाशांची व मालाची सोय झाली. जुन्या वाघिणींचे काम मात्र संपले. दिल्लीत १९७७ मध्ये राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आणि नागपुरात २००२ मध्ये अरुंदमापी रेल्वे संग्रहालय स्थापन झाले. तथापि, प्रत्येक वस्तू संग्रहालयात पोचणे शक्य नसते.

म्हणून स्थानिक दक्षता महत्त्वाची ठरते. वाघीण उघड्यावर राहिल्यास पाणी साचून लाकडी तळ कुजतो व पोलाद गंजते; नुसत्या रंगापेक्षा डोक्यावरचे छप्पर अधिक उपयोगी. रंग देण्यापूर्वी तिच्यावरील क्रमांक, रिकामे वजन व भारक्षमता यांची नोंद करून छायाचित्रे घ्यावीत, कारण तीच तिची जन्मपत्रिका होय. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून अशी नोंद करवून घेतल्यास आणि पंचायतींनी रेल्वे प्रशासनाच्या अनुमतीने निवाऱ्याची व्यवस्था केल्यास, गावाचा माल बाजारापर्यंत नेणारी ही साक्षीदार पुढील पिढीलाही पाहावयास मिळेल.