ज्यांच्यावर संशोधन केलं त्यांनाच ते वाचता येत नसेल तर? सुमित्रा भावे यांचं उत्तर

पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करत असाल तर एक प्रश्न येणार हे धरूनच चाला : "तुमच्या संशोधनाचा समाजाला काय उपयोग?" बहुतेक जण इथे पाठ केलेलं उत्तर देतात. धोरण ठरवणाऱ्यांना मदत होईल, जनजागृती होईल, वगैरे. समोरचे मान डोलावतात आणि पुढचा प्रश्न विचारतात.

पण हाच प्रश्न कुणी मनावर घेतला तर तो कुठपर्यंत नेऊ शकतो, याचं पुण्यातलंच एक उदाहरण आहे. सुमित्रा भावे. तुम्ही त्यांना 'दोघी', 'देवराई', 'अस्तु', 'कासव' या चित्रपटांमुळे ओळखत असाल. पण त्या मुळात संशोधक होत्या, आणि चाळिशी ओलांडेपर्यंत त्यांनी एकही फिल्म केलेली नव्हती. फिल्म बनवण्याचं रीतसर शिक्षणही नव्हतं.

जन्म १९४३ चा. पुणे विद्यापीठातून एम.ए., त्यानंतर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिक्षण. काही वर्षं कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवलं, मध्ये दिल्लीला आकाशवाणीवर मराठी बातम्याही दिल्या. चरित्राचा हा भाग इथेच सोडते, कारण आपल्या कामाचं पुढे आहे.

'स्त्रीवाणी' या संशोधन प्रकल्पात त्या वस्त्यांमधल्या बायकांशी बोलत होत्या. त्यातून पुढे एक पुस्तक आलं. आठ दलित स्त्रियांची, त्यांच्याच तोंडून आलेली आयुष्यं. गेल ऑम्वेट यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर १९८८ मध्ये 'पॅन ऑन फायर' या नावाने प्रसिद्ध झालं.

इथे विज्ञान शाखेवाले लगेच भुवया उंचावतात. आठ? हा काय सँपल साइझ झाला? एम.एस्सी.ला असताना मीही हेच म्हटलं असतं, म्हणून जरा थांबून सांगते. आपण नमुन्यांची संख्या वाढवतो ती अंदाजातली चूक कमी व्हावी म्हणून. किती टक्के बायकांना नवरा मारतो, हे काढायचं असेल तर आठ बायका पुरणारच नाहीत. पण मार खाऊनही ती बाई त्या घरात का राहते, कशाच्या जोरावर राहते, स्वतःबद्दल तिला काय वाटतं, हे कळून घ्यायचं असेल तर आठशे प्रश्नावल्याही उपयोगाच्या नाहीत. तिथे एकेका बाईपाशी पुन्हा पुन्हा जाऊन बसावं लागतं. गुणात्मक संशोधनात याला जीवनकथनाची पद्धत म्हणतात. कुठली पद्धत श्रेष्ठ हा वादच फिजूल आहे. प्रश्न काय आहे त्यावर पद्धत ठरते. मुलाखतीत हे एवढं नीट सांगता आलं तरी निम्मं काम होतं.

आता खरी गोची. माहिती देणाऱ्या बाईला लिहिता-वाचता येत नाही. तिने रात्रीचा स्वयंपाक उरकून आपलं आयुष्य तुमच्यासमोर मांडलं. तुम्ही ते लिहून काढलं, अहवाल झाला. तो वाचणार कोण? तुमच्यासारखेच शिकलेले लोक. जिचं आयुष्य आहे, तिला त्यात काय लिहिलंय हेही कळणार नाही. आपण घेतलं आणि निघून आलो, असाच त्याचा अर्थ. संशोधन पद्धतीच्या पुस्तकांत 'मेंबर चेक' नावाचा प्रकार असतो. निष्कर्ष त्या माणसांकडे परत न्यायचे आणि विचारायचं, "हे बरोबर आहे का?" कागदावर हे सोपं वाटतं, पण समोरच्याला तुमचा कागद वाचता आला तरच ते होणार.

भावे यांनी यावर काढलेला मार्ग म्हणजे चित्र. अक्षर न येणाऱ्यालाही चित्र कळतं. १९८५ मध्ये 'बाई' हा लघुपट झाला, वस्तीतल्या एका बाईच्या झगड्याचा. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पाठोपाठ 'पाणी' आला. याच सुमाराला पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकणारे सुनील सुकथनकर त्यांच्यासोबत काम करू लागले, आणि पुढची पस्तीस वर्षं ही जोडी टिकली. पन्नासच्या वर लघुपट आणि डझनाहून अधिक चित्रपट. पटकथा बहुतेक वेळा भावे स्वतः लिहायच्या, आणि माझ्या मते त्यांच्यातली संशोधक सगळ्यात जास्त दिसते ती तिथेच.

'दोघी' (१९९५) घ्या. गावातल्या दोन बहिणी. थोरलीच्या लग्नाच्या दिवशीच वऱ्हाडाला अपघात होतो आणि ती अपशकुनी ठरते. घरात खायला नाही, म्हणून तिला मुंबईला पाठवलं जातं आणि ती देहविक्रयात ढकलली जाते. तिने पाठवलेल्या पैशावर घर उभं राहतं. पैसा घरात चालतो, ती मात्र चालत नाही. हाच निष्कर्ष अहवालात लिहिला असता तर 'कुटुंबाचे आर्थिक अवलंबित्व आणि सामाजिक बहिष्कार यांतील परस्परसंबंध' असं काहीतरी झालं असतं. वाचून तुम्ही पान उलटलं असतं. पडद्यावर तोच निष्कर्ष आईच्या चेहऱ्यावर दिसतो, आणि तिथे पान उलटता येत नाही.

'अस्तु'मध्ये स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे पंडित एका हत्तीच्या मागे चालत हरवून जातात. ही भूमिका डॉ. मोहन आगाशे यांनी केली आहे, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. एकीकडे आजाराची सगळी माहिती असलेली आणि तरी थकून गेलेली मुलगी. दुसरीकडे आजाराचं नावही माहीत नसलेली माहुताची बायको, जी या म्हाताऱ्याला लेकरासारखं सांभाळते. तुलनात्मक अभ्यास म्हणतात तो हाच, फक्त तक्ता नाही. याच्या संवादांसाठी भावे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि माहुताच्या बायकोच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना.

सगळंच जमलंय असं नाही म्हणणार. काही चित्रपटांत अभ्यास वर तरंगतो, पात्रं बोलता बोलता माहितीपत्रक वाचल्यासारखी होतात. आजारावर चित्रपट करताना हा धोका असतोच. आणि मोठी अडचण वेगळीच आहे. 'कासव'ला २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ', 'कोर्ट' यांच्यानंतरचा हा मान. पण तो तुमच्या तालुक्याच्या थिएटरला लागला होता का, आठवून बघा. ज्या बायकांसाठी अहवाल सोडून कॅमेरा हातात घेतला, त्यांच्यापर्यंत जाणारी वाट वितरकाच्या दारातून जाते, आणि ते दार अहवालाच्या पुठ्ठ्यापेक्षा फारसं सैल नसतं. माध्यम बदललं म्हणजे प्रश्न मिटला असं नाही, तो पुढच्या वळणावर परत भेटतो.

तुम्ही म्हणाल, आम्ही काय सिनेमे काढायचे का? नाही हो. मी विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट मोजते. नमुन्याची बाटली भरताना विहिरीचे मालक हमखास विचारतात, "ताई, पाणी प्यायचं का नाही तेवढं सांगा." प्रबंधात या प्रश्नाला जागा नसते, तिथे सरासरी आणि प्रमाण विचलन लागतं. म्हणून मी प्रत्येक विहिरीसाठी मराठीत एक चिठ्ठी करते. तुमच्या पाण्यात इतकं निघालं, पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, लहान बाळाला हे पाणी द्यावं की नाही. एका चिठ्ठीला दहा मिनिटं लागतात. ज्या आजींना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवायची. यातून एकदा फायदाच झाला. चिठ्ठी ऐकून एक आजी म्हणाल्या, गोठ्याचं सांडपाणी पावसाळ्यात विहिरीकडेच उतरतं. ही नोंद माझ्या प्रश्नावलीत कुठेच आली नसती.

तुमचा आराखडा लिहिताना 'अपेक्षित निष्पत्ती' या रकान्यापाशी आलात की एवढं ठरवा : निष्कर्ष कुणाला, कुठल्या भाषेत, कधी सांगणार. त्याचा वेळ आणि खर्च वेळापत्रकातच धरा. नंतर तो कुणीच काढत नाही.

आणि हे चित्रपट बघाच. सुरुवात 'दोघी'पासून करा, मग 'अस्तु'. 'दिठी' शेवटी ठेवा. दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा हा चित्रपट मे २०२१ मध्ये प्रदर्शित झाला, त्याच्या महिनाभर आधी, १९ एप्रिलला, भावे गेल्या. त्यात पोरगा बुडून गेलेला एक वारकरी लोहार आहे आणि एक अडलेली गाय. बघताना वही जवळ ठेवा. हे लिहायच्या आधी बाईंनी कुणाकुणाला भेटून काय काय विचारलं असेल, त्याची यादी करून बघा.