वेळापूर वाढतंय, पण आपली वस्ती आराखड्यात कुठे आहे?

आषाढीला माऊलींची पालखी माळशिरसहून वेळापूरला मुक्कामी येते. आता याच पट्ट्यातून पालखी महामार्ग गेला आहे. रस्ता आला की जमिनीचा भाव चढतो, गाळे निघतात, प्लॉट पडतात. गाव पुढच्या वीस वर्षांत कुठल्या बाजूला वाढणार हे ठरवतं कोण?

शहरात त्यासाठी 1966 च्या नगररचना कायद्यानुसार विकास आराखडा होतो. रस्ता, शाळा, दफनभूमीसाठी जागा आरक्षित होते, प्रारूपावर हरकती घेता येतात. ग्रामपंचायत असा आराखडा करत नाही. गावठाणाची हद्द महसूल खातं ठरवतं, प्रादेशिक योजना वरून येते. गावाच्या हातात उरतो तो जीपीडीपी, म्हणजे 'आमचं गाव, आमचा विकास' आराखडा. तो मुळात खर्चाचा आराखडा आहे, जमिनीचा नाही. खरी गोम इथेच आहे.

कारण अनेक गावांत आपली वस्ती गावठाणाच्या कडेला, नाहीतर गायरानात आहे. भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 साली सत्याग्रह केले, ते उगीच नव्हे. 2011 साली जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगितली. पण त्याच निकालात अपवादही आहे: सरकारी अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिलेला असेल, तर जागा नियमित होऊ शकते. नोटीस आल्यावर घाबरणारे खूप भेटतात, हा अपवाद माहीत असणारे फार थोडे.

म्हणून आधी कागद बघा. तलाठ्याकडे गाव नमुना 1-ई ही अतिक्रमणांची नोंदवही असते, ग्रामपंचायतीत नमुना 8 मध्ये घराची नोंद असते. दोन्हीकडे आपल्या घरांबद्दल काय लिहिलंय? पट्ट्याचा जुना आदेश कुणाच्या पेटीत पडलाय का?

मग ग्रामसभा. गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100, यांपैकी जे कमी असेल ते. ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. पहिल्या दिवशी आपण घरी बसलो, तर दुसऱ्या सभेत मूठभर लोक आराखडा मंजूर करतात, आणि तेही कायद्याने. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, तिथेही पाणी-गटाराइतकाच घराच्या जागेचा विषय निघायला हवा.

पुढच्या वर्षाच्या आराखड्याची मोहीम दरवर्षी 2 ऑक्टोबरपासून सुरू होते. गावठाण विस्तार, वस्तीचा रस्ता आणि दफनभूमीची जागा, या तीन मागण्या त्याआधी लेखी द्या आणि पोच घ्या.