रबर मोटरचे वंगण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

रबर मोटर म्हणजे रबरी पट्टीचे दोन किंवा अधिक पेड. त्यांचे एक टोक पंख्याच्या हुकात आणि दुसरे विमानाच्या छोट्या प्रतिकृतीच्या शेपटाजवळच्या खुंटीत अडकवलेले असते. पीळ दिला की रबर ताणले जाते, सोडले की पंखा फिरतो. फ्रान्सच्या आल्फाँस पेनो याने १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्वीलरी उद्यानात याच युक्तीने आपले छोटे विमान ११ सेकंद, सुमारे ४० मीटर उडवून दाखवले. पिळलेल्या रबराचे हे तत्त्व आजही तेच आहे. मात्र त्याला लावायच्या वंगणाबद्दलच्या चुकीच्या समजुतींपायी बरेच चांगले रबर फुकट जाते.

सगळ्या गैरसमजांचे मूळ एकच. वहाणेला तेल पाजतात, केसांना तेल चोपडतात, तसे रबरालाही तेल ‘पाजायचे’ असते असे वाटते. चामड्याने तेल प्यावे हे योग्यच, पण रबराने ते पिऊ नये. वंगणाचे काम रबराच्या आत नाही, दोन पेडांच्या मधे आहे. पीळ चढू लागला की पेड एकमेकांवर घट्ट दाबले जातात आणि एकमेकांवरून सरकू पाहतात. कोरडे रबर सरकत नाही, अडते. मग पिळाच्या गाठी एकाच जागी गोळा होतात, तेथे ताण वाढतो, कडा घासून बारीक चिरा पडतात आणि त्यातल्याच एखाद्या चिरेपासून पेड तुटतो. वंगण असले की गाठी टोकापासून टोकापर्यंत सारख्या बसतात आणि तीच पट्टी कितीतरी जास्त फेरे सोसते.

यावरून ‘तेलाने मोटरचा जोर वाढतो’ असे म्हणणे मात्र बरोबर नाही. ऊर्जा साठते ती ताणलेल्या रबरात. जोर हवा असेल तर पेड वाढवावे लागतात: लांबी तीच ठेवून पेड दुप्पट केले तर पंखा फिरवणारा जोर सुमारे पावणेतीन पट होतो, पण फेरे सुमारे सत्तर टक्क्यांवर येतात. वंगण फक्त घर्षणात जाणारी ऊर्जा वाचवते. रबराच्या आतच उष्णतेच्या रूपाने जी खर्ची पडते, ती कोणत्याही वंगणाने वाचत नाही.

‘घरातले कोणतेही तेल चालते’ ही सर्वांत महागात पडणारी समजूत. शिवणयंत्राचे तेल, व्हॅसलीन, ग्रीस ही खनिज तेलाची अपत्ये आहेत. नैसर्गिक रबर हेही हायड्रोकार्बनच असल्याने ही द्रव्ये त्यात सहज मुरतात. पट्टीचा एक तुकडा शिवणयंत्राच्या तेलात भिजत ठेवून कोरड्या तुकड्याशेजारी धरला तर फरक डोळ्यांना दिसतो: भिजलेला फुगून जाड झालेला, कडा मऊ पडलेल्या, आणि ताणल्यावर लवकर तुटणारा. खोबरेल वनस्पतीजन्य असले तरी तेही रबरात शिरते. एरंडेलाचे तसे नाही. त्याच्या रेणूंतल्या हायड्रॉक्सिल गटांमुळे ते हायड्रोकार्बनात सहज मिसळत नाही, म्हणून रबरावर ते बरेच सौम्य ठरते. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या रोटरी इंजिनांतही एरंडेलच घालत, कारण पेट्रोलशी संबंध येऊनही ते त्यात विरघळत नसे. खऱ्या विमानाच्या इंजिनाला आणि बाल्साच्या हलक्या लाकडाच्या छोट्या विमानाच्या रबराला एकच तेल मानवावे, यामागचा गुण एकच आहे.

सर्वांत चांगले वंगण शुद्ध सिलिकॉन तेल. ट्रेडमिलच्या पट्ट्यासाठी बाटलीत मिळणारे निव्वळ सिलिकॉन तेलही चालते. स्प्रेच्या डब्यातले घेऊ नये, कारण त्यात पुष्कळदा पेट्रोलियमचे द्रावक मिसळलेले असते. छोटी विमाने उडवणाऱ्या जुन्या हौशींचे ग्लिसरीन आणि मऊ पोटॅश साबणाचे मिश्रण आजही उपयोगी आहे. ते पाण्याने धुऊन निघते, पण लवकर सुकते आणि पुन्हा लावावे लागते.

नव्या पट्टीवरची पांढरी पूड म्हणजेच वंगण, असेही काही जण धरून चालतात. ती शंखजिऱ्याची पूड असते, गुंडाळीतले थर चिकटू नयेत म्हणून लावलेली. तेलात तिची लुबदी होते. म्हणून पट्टी आधी कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावी, मग गाठ मारावी आणि त्यानंतरच वंगण लावावे. हा क्रम उलटला तर गाठ निसटते.

प्रमाणाबाबत हात आखडताच बरा. तळहातावर दोन-चार थेंब घेऊन पट्टी चोळावी. ती चमकली पाहिजे, ओघळता कामा नये. जास्तीचे वंगण मोटर सुटताना विमानाच्या आत उडते, टिश्यू पेपरच्या आवरणावर डाग पाडते आणि बाल्सात मुरून विमान जड करते. एफ-वन-बी या आंतरराष्ट्रीय स्पर्धा-वर्गात तर मोटरची ३० ग्रॅमची मर्यादा वंगण लावलेल्या रबराला आहे. तेथे वंगणाचा प्रत्येक थेंब तेवढे रबर कमी करतो.

वंगण लावले म्हणून पहिल्याच खेपेला पूर्ण पीळ देता येत नाही. नवी मोटर आधी हळूहळू ताणून सरावावी लागते. पीळ देतानाही तिला मूळ लांबीच्या चार-पाच पट ओढून निम्मे फेरे द्यावेत, आणि उरलेले देत देत विमानाकडे सरकावे. एकदा लावलेले वंगण कायमचे पुरतही नाही. ओल्या रबराला माती ताबडतोब चिकटते आणि तिचा एकेक कण पेडांमधे करवतीसारखा चालतो. मोटर गवतात पडली तर ती न पुसता धुवावी, वाळवून पुन्हा वंगण लावावे, आणि उडवून झाल्यावर बंद पिशवीत, अंधाऱ्या गार जागी ठेवावी. ऊन आणि हवेतला ओझोन यांपासून तिला वंगण पुरते वाचवू शकत नाही.