गळालाही नियम आहेत : उजनीच्या काठावरील हौशी मासेमारी

पुणे-सोलापूर महामार्गाने येताना भिगवणच्या आसपास उजनी जलाशयाचे पाणी दृष्टीस पडू लागते. सुट्टीच्या दिवशी या काठावर, तसेच करमाळा, माढा आणि इंदापूर तालुक्यांतील शिवारांत, कोणी बांबूची काठी तर कोणी रीळ बसविलेला आधुनिक गळ घेऊन बसलेली हौशी मंडळी आढळतात. कणकेची गोळी किंवा गांडूळ लावून दिवसभर पाण्याकडे पाहत बसणे हा एक निरुपद्रवी विरंगुळा होय, आणि तो तसा आहेही. मात्र मासेमारीचे नियम जाळेवाल्यांसाठी असतात, गळ टाकणाऱ्याला ते लागू होत नाहीत, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती चुकीची आहे. मासा जाळ्यात सापडला काय किंवा गळाला लागला काय, पाणी कोणाचे, काळ कोणता आणि साधन कोणते, हे तीन प्रश्न दोन्हीकडे सारखेच उपस्थित होतात.

पाणी कोणाचे या प्रश्नापासून प्रारंभ करू. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या यशवंतसागर जलाशयाचा विस्तार सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांत आहे. एकूण साठा सुमारे ११७ अब्ज घनफूट असून त्यापैकी ६३ अब्ज घनफुटांहून अधिक साठा मृत, म्हणजे दरवाजांतून कालव्यात न उतरणारा आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा भाग हिशेबाबाहेरचा असला, तरी माशांच्या दृष्टीने तोच खरा साठा होय. सोलापूरकरांच्या बोलण्यात 'उजनी वजा तीसवर गेली' असे वाक्य उन्हाळ्यात नित्याचे असते. २०२४ च्या उन्हाळ्यात तर जलाशय वजा ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता. अशा वेळी पाणी आक्रसते, मासे उरलेल्या डोहात दाटीने जमतात आणि ते पकडणे अगदी सोपे होते. सोपेपणाचा हा काळ पुढील वर्षाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतो, कारण पावसाळ्यात अंडी घालणारी माशांची जोडपी त्या दाटीतच असतात.

अशा जलाशयांतील मासे ही बेवारस वस्तू नव्हे. मासेमारीचा हक्क शासनाकडून ठेक्याने किंवा परवान्याने दिला जातो. मच्छिमार सहकारी संस्था मत्स्यबीज आणून सोडतात, त्याची राखण करतात आणि त्यावर भोई, कोळी समाजातील तसेच धरणामुळे जमीन गमावलेल्या कित्येक कुटुंबांची चूल पेटते. तेव्हा हौशी माणसाने गळ टाकण्यापूर्वी संबंधित संस्थेची अथवा परवाना देणाऱ्या कार्यालयाची अनुमती घेणे हे सौजन्य तर आहेच, पण आवश्यकही आहे. माहितीसाठी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयाशी संपर्क साधावा. सोलापूर शहराजवळचा, १८७१ साली बांधून झालेला एकरूख तलाव, म्हणजेच हिप्परग्याचा तलाव, असो किंवा गावचा पाझर तलाव असो, चौकशीची पद्धत हीच.

पंचायत सदस्यांनी येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने संविधानाला जी अकरावी अनुसूची जोडली, तिच्यात पंचायतींकडे सोपवता येण्याजोग्या विषयांत 'मत्स्यव्यवसाय' हा पाचवा विषय आहे. ही दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. गावतलावाच्या काठी कोणी, केव्हा आणि कशाने मासे धरावेत, याची चर्चा ग्रामसभेत क्वचितच होते. गाळ काढण्याचा ठराव होतो, त्याच बैठकीत याचाही व्हावयास हरकत नाही.

चढणीचे मासे

नियमांमागील मुख्य कारण समजून घ्यावयाचे तर जून-जुलैतील पहिल्या पुराकडे पाहावे लागेल. कटला, रोहू आणि मृगळ हे आपले प्रमुख कार्प मासे साठलेल्या पाण्यात वाढतात, परंतु तेथे सहसा अंडी घालीत नाहीत. नवे गढूळ पाणी वाहू लागले, काठावरील उथळ भूमी बुडाली, की ते प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने वर चढतात. 'चढणीचे मासे' हा शब्द आपल्या ग्रामीण भागात सर्वांच्या ओळखीचा आहे, आणि ओढ्यानाल्यांत ते धरण्याची धमालही तितकीच ओळखीची आहे. काठीने, टोपलीने, कमरेच्या पंचानेसुद्धा मासे पकडले जातात. बालपणीच्या आठवणींत या प्रसंगाला मानाचे स्थान असते हे खरे. परंतु या दिवसांत हाती येणारी मादी पोटभर अंड्यांनी भरलेली असते. वजनाच्या दर किलोमागे लाखाहून अधिक अंडी ती बाळगून असते. तिची एक भाजी होते तेव्हा त्या लाखांचा हिशेब कोणी करीत नाही.

बंदिस्त पाण्यात या माशांचे प्रजनन होत नसल्यामुळे एकेकाळी मत्स्यबीज नद्यांतूनच गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी कटक येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून प्रेरित प्रजनन घडविण्यात यश आले. आजची मत्स्यबीज केंद्रे त्या शोधावर उभी आहेत. या केंद्रांत अंड्यांतून निघालेले मत्स्यजिरे वाढवून बोटाएवढी पिल्ले, म्हणजे बोटुकली, तयार करतात व ती जलाशयात सोडतात. म्हणजे उजनीतील कटल्यामागे पुष्कळदा कोणाचे तरी पैसे व श्रम असतात. बीज सोडले म्हणून नैसर्गिक प्रजननाची गरज संपते असेही नाही. मरळ, शिंगटा, वाम यांसारखे स्थानिक मासे प्रामुख्याने निसर्गावरच विसंबून आहेत.

म्हणूनच पावसाळ्यात मासेमारी बंद ठेवण्याची प्रथा व नियम आहेत. बंदीचा नेमका कालावधी त्या त्या जलाशयासाठी संबंधित कार्यालयाकडून जाणून घ्यावा, आणि त्या काळात गळही घरी ठेवावा.

साधनांची मर्यादा

भारतात या विषयावरील पहिला महत्त्वाचा कायदा १८९७ चा. सुरुंगाची दारू उडवून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे त्याने गुन्हा ठरविले आणि त्यासाठी दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड सांगितला. जाळ्याचा प्रकार व त्याच्या आसाचे माप ठरविण्याचा, तसेच एखाद्या पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारी बंद ठेवण्याचा अधिकारही त्याने सरकारला दिला. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर राज्यासाठी महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, १९६० करण्यात आला. दोनशे रुपये ही रक्कम १८९७ साली जरब बसविणारी होती. आज तेवढ्यात मोठा कटलाही येत नाही. परंतु अपराध्याने केवळ या एका कायद्याचा हिशेब करू नये. परवान्याशिवाय जिलेटिनच्या कांड्या बाळगणे, आकडा टाकून वीज घेणे आणि सार्वजनिक जलाशयाचे पाणी दूषित करणे हे स्वतंत्र गुन्हे आहेत.

उजनीत खरी चिंता आहे ती वडापसारख्या बारीक आसाच्या जाळ्यांची. त्यांत बोटुकलीही सुटत नाही. या बाबतीत गळ टाकणाऱ्याची स्थिती वेगळी आहे. त्याच्या हाती मासा एकेक येतो, जिवंत येतो, आणि तो ठेवायचा की सोडायचा हे त्याला ठरविता येते. किलोभराच्या आतील कटला, रोहू किंवा मृगळ पाण्यात परत सोडावा. हा आकडा कायद्यातील नसून व्यवहारातील आहे; एवढा मासा बहुधा एकदाही प्रजननक्षम झालेला नसतो. सोडताना हात ओले करावेत, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो व माशाला बुरशीचा रोग जडतो. गळ खोल गिळला असेल तर ओढाताण न करता दोरा कापावा. तीन-चार आकडे एकत्र बांधून, आमिषाशिवाय, झटक्याने मासा पोटाला किंवा पाठीला अडकविण्याची जी रीत आहे ती मात्र सोडून द्यावी. तीत निसटलेला मासाही जखमेने मरतो. मुंबईत पवई तलावावर गळाने मासेमारी करणाऱ्या हौशी मंडळींची महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन ही जुनी संस्था आहे. पकडून सोडणे हा छंदाचाच भाग होऊ शकतो, हे अशा मंडळींनी दाखवून दिले आहे.

सोडण्याच्या या नियमाला अपवाद आहेत. चिलापी हा आफ्रिकेतील मासा १९५२ साली भारतात आणला गेला. त्याची मादी अंडी तोंडात जपते व वर्षातून अनेकदा विते, त्यामुळे त्याची संख्या झपाट्याने वाढते. चिलापी कितीही लहान मिळाली तरी ठेवावी. शोभेच्या काचपेटीतून बाहेर पडलेला, अंगावर कडक खवले असलेला 'सकर' मासाही आता जाळ्यांत येऊ लागला आहे. तो पुन्हा पाण्यात टाकू नये. थाई मांगूर पाळण्यास २००० सालापासून बंदी आहे. घरची काचपेटी रिकामी करताना मासे तलावात 'सोडून देण्याचे' पुण्य कोणी घेऊ नये, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे.

नायलॉनचा तुटलेला दोरा काठावर टाकू नये, हेही येथेच नमूद करणे इष्ट. भिगवणच्या दलदलीत हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, आणि पायात गुंतलेला दोरा त्यांना स्वतःहून सोडविता येत नाही.

समुद्रकाठी गेल्यास

सुट्टीत कोकणात जाणारे सोलापूरकर सोबत गळही नेतात. तेथे ठेक्याचा प्रश्न उद्भवत नाही, परंतु महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ लागू आहे. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन दंड बराच वाढला. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, म्हणून या काळात बोट भाड्याने घेऊन गळ टाकण्याचा बेत करू नये. २०२३ मध्ये शासनाने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकारमान निश्चित केले. त्याच वर्षी 'राज्य मासा' म्हणून घोषित झालेल्या पापलेटसाठी, म्हणजे सरंग्यासाठी, ते १३५ मिलिमीटर आहे. व्हेल शार्कला २००१ पासून वाघाइतकेच कायद्याचे संरक्षण आहे.

पुन्हा उजनीकडे वळू. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जणांना जलसमाधी मिळाली. ती मासेमारीची बोट नव्हती, पण पाणी तेच होते आणि वाराही तोच. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर या विस्तीर्ण जलाशयावर काही मिनिटांत लाटा उठतात. होडीतून गळ टाकणाऱ्याने तरंगजाकीट घातल्याशिवाय पाण्यात जाऊ नये. काठावर बसणाऱ्यानेही ढग गडगडू लागताच काठी गुंडाळावी. हल्लीच्या रिळाच्या काठ्या पुष्कळदा कार्बनच्या असतात, आणि कार्बन विजेचा वाहक आहे.