लाखभर रनिंग झालेली गाडी: बोअर करायची, विकायची, की आधी ऑईलची काडी बघायची?

ज्यांना ऐकायला सवड होत नाही, किंवा डोंगराकडच्या गावात रेंज मिळत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. भाषा बोलल्यासारखीच ठेवली आहे, तेवढं सांभाळून घ्या.

या भागाचं निमित्त झाले आपले एक श्रोते. आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव आहे. रोज पहाटे दुधाचे दोन कॅन लावून डेअरीला जायचं, तिथून कामाला घोडेगाव, कधी मंचर. गाडी १०० सीसीची, २०११ ला घेतलेली. मीटर पाच आकडी, तो एकदा ९९,९९९ ला जाऊन पुन्हा शून्यावर आला आणि परत वीस हजाराच्या पुढे गेलाय. आता सकाळी गाडी चालू केली की निळसर धूर निघतो. गॅरेजवाला म्हणतो बोअर करावं लागेल. धाकटा भाऊ म्हणतो, दादा, विकून टाक. त्यांनी विचारलं, तुम्ही काय म्हणता?

मी त्यांना उलटा एकच प्रश्न विचारला. ऑईलची काडी शेवटची कधी बघितली? ते म्हणाले, मागच्या वेळी ऑईल बदललं तेव्हा गॅरेजमध्ये बघितली असेल. मंडळी, आजचा सगळा विषय या उत्तरात आहे.

किलोमीटर पूर्ण हिशेब सांगत नाहीत

लाखभर रनिंग ऐकलं की आपण म्हणतो गाडी संपली. पण मंचरवरून नाशिक हायवेने पुण्याला जाणं साधारण ६० किलोमीटर आहे. तेवढेच किलोमीटर आहुप्याच्या वाटेवर दोन कॅन लावून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये काढले, तर इंजिन किती तरी जास्त वेळ आणि जास्त फेरे फिरतं. वारा कमी लागतो, इंजिन तापतं, क्लच अर्धा दाबलेला राहतो. मीटरवर दोन्हीकडे साठच दिसतात.

उलट हायवेला सावकाश चालवलेली, वेळच्या वेळी ऑईल बदललेली गाडी लाखाच्या पुढेही व्यवस्थित चालते. म्हणून जुनी गाडी घेताना किंवा विकताना आकडा विचारा, पण ती कुठं चालली आणि काय ओझं घेऊन चालली हेही विचारा.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. निम्म्या जुन्या गाड्यांची मीटरची वायर तुटलेली असते. मग ऑईल कधी बदलायचं? फेऱ्या मोजा. रोजची फेरी ४० किलोमीटरची आणि महिन्यात २६ फेऱ्या, म्हणजे १,०४० किलोमीटर झाले. गाडीच्या पुस्तकात ऑईलसाठी जेवढे किलोमीटर दिलेत, त्याला यावरून महिने काढा. कॅन आणि चढाचा रस्ता असेल तर त्याहून थोडं आधीच बदला.

रविवारची काडी

शंभर सीसीच्या इंजिनात ऑईल जेमतेम लिटरभर किंवा त्याहून कमी बसतं. एवढंसं ऑईल इंजिनला वंगण देतं, थंड ठेवायला मदत करतं, गिअर सांभाळतं आणि क्लच प्लेटाही त्यातच बुडलेल्या असतात.

आता हिशेब करा. समजा झिजलेलं इंजिन दर ५०० किलोमीटरला १०० मिली ऑईल खातंय. दोन हजार किलोमीटर होईपर्यंत ४०० मिली गेलं. म्हणजे जवळजवळ निम्मं! ऑईल बदलायची तारीख आलेली नाही, खाली एक थेंब गळालेला नाही, तरी इंजिन अर्ध्या ऑईलवर चाललंय. सिलिंडरच्या माथ्यावरच्या कॅम शाफ्टला आणि रॉकरला तेव्हा पुरेसं ऑईल मिळत नाही. टकटक आवाज सुरू होतो. आपण म्हणतो टॅपेट वाजतंय, सेट करून घेऊ. तोवर कॅम घासला जातो आणि शे-दोनशेचं काम हजारांत जातं.

म्हणून दर रविवारी पाच मिनिटं द्या. गाडी सपाट जागेवर डबल स्टँडला लावा. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा आणि तेवढाच वेळ थांबा. काडी काढून फडक्याने पुसा. बऱ्याच १०० सीसी गाड्यांत काडी नुसती ठेवून बघायची असते, आटे फिरवायचे नसतात. तुमच्या गाडीचं पुस्तक काय सांगतं ते एकदा बघून घ्या. ऑईल वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये हवं. खालच्या खुणेला आलं तर त्याच प्रतीचं ऑईल थोडं थोडं टाका. वरच्या खुणेच्या वर भरू नका.

ऑईल घेताना डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलंय ना, ते बघा. चारचाकीच्या काही ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. ती आपल्या ओल्या क्लचला चालत नाहीत, प्लेटा घसरायला लागतात. आणि आवाज येतोय म्हणून जाड ऑईल टाकायचा सल्ला कुणी दिला तर लक्षात ठेवा, जाड ऑईलने आवाज दबतो, झीज भरून निघत नाही.

अजून एक. जुन्या स्प्लेंडरसारख्या इंजिनात ऑईलची जाळी असते आणि क्लचच्या बाजूला एक फिरती गाळणी असते. तिच्यात गाळ चिकटून बसतो. क्लच कव्हर उघडल्याशिवाय ती साफ होत नाही, त्यामुळे कित्येक गाड्यांत वर्षानुवर्षं ती कुणी पाहिलेलीच नसते. क्लच प्लेटा बदलायला कव्हर उघडलं की तीही साफ करून घ्या.

धूर काय सांगतो

निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय. पण तो कधी निघतो ते महत्त्वाचं.

रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केल्यावर मिनिटभर निळा धूर आला आणि मग थांबला, तर संशय हेडमधल्या व्हॉल्व्ह सीलवर घ्यायचा. रात्रभर ऑईल तिथून थेंब थेंब खाली उतरतं आणि सकाळी जळतं. चढाला जोर दिल्यावर, गाडी गरम असतानाही धूर सतत येतोय, तर पिस्टन रिंगा आणि बोअरकडे बघायला हवं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. तेव्हा एअर फिल्टर चोंदलाय का, चोक अडकलाय का, कार्बोरेटर बिघडलाय का ते तपासा. आणि थंडीच्या पहाटे पांढरी वाफ येऊन विरून गेली तर ते पाणी आहे, काळजी नको.

खात्री करायची तर कॉम्प्रेशन मोजायचं. प्लग काढून तिथे गेज लावतात आणि किक मारतात. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा चांगला वाढला तर रिंगा किंवा बोअर गेलेत, कारण ऑईलने ती फट तात्पुरती भरली. फारसा फरक पडला नाही तर गळती व्हॉल्व्हकडून आहे. दहा मिनिटांचं काम आहे. ते केल्याशिवाय बोअरला हो म्हणू नका.

डोंगराकडं एक, पठारावर दुसरं

जुन्नर-आंबेगावची गंमत अशी की एकाच तालुक्यात गाडीची दोन वेगळी दुखणी सापडतात. पश्चिमेला आपटाळे, नाणेघाट, भीमाशंकरचा पट्टा. तिथं चार महिने पाऊस आणि भातखाचरांचा चिखल. पूर्वेला आणे पठार, बेल्हे, तिकडं लोणी-धामणी. तिथं धूळ.

पावसाच्या बाजूला केबल गंजतात, चाकाच्या बेअरिंगमध्ये आणि ब्रेकच्या ड्रममध्ये पाणी जातं, चेन महिन्याभरात लाल होते. पावसाळा संपला की दोन्ही चाकं काढून बेअरिंग बघा, ब्रेक उघडून साफ करा, कोनसेटला नवीन ग्रीस भरा. धुताना प्रेशरचा पाइप चाकाच्या मध्यावर आणि सायलेन्सरच्या तोंडावर मारू नका.

धुळीच्या बाजूला पहिला मार एअर फिल्टरला बसतो. फिल्टर फाटका असला किंवा त्याचा डबा नीट बंद होत नसला, तर बारीक धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि ऑईलबरोबर पॉलिश पेपरसारखी बोअर घासते. कागदी फिल्टर पेट्रोलने धुऊन परत बसवू नका, बदला. फोमचा असेल तर पुस्तकात दिल्याप्रमाणे धुऊन, वाळवून, ऑईल लावून बसवा.

चेन, ब्रेक आणि उजेड

या गाड्यांची चेन पूर्ण कव्हरच्या आत असते, म्हणून ती विसरली जाते. कव्हरला रबरी बुच असतं. ते काढून चेन बोटाने वर-खाली करून बघा. साधारण दोन ते तीन सेंटिमीटर खेळ असावा. चाक फिरवून चार ठिकाणी बघा. एका ठिकाणी ताठ आणि दुसरीकडे सैल लागत असेल तर पूर्ण चेनसेट बदलायची वेळ आली. नुसती चेन बदलली तर जुने दाते नवी चेन लवकर खाऊन टाकतात.

ब्रेकचं मात्र उद्यावर टाकू नका. ड्रम ब्रेकच्या प्लेटवर एक छोटा बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो बाण खुणेला टेकला की लायनर संपलं. दोन कॅन लावून उतार उतरायचा असेल तर हे दर महिन्याला बघाच. आणि माळशेजला किंवा खेड घाटात पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडणारे आजही दिसतात. मंडळी, इंजिनचा रोध गेला की सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापतो, ब्रेक लागेनासा होतो. गाडी गिअरमध्ये ठेवूनच उतरा.

उजेडाचंही ऐका. जुन्या बऱ्याच १०० सीसी गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर नसतो, तो चालू इंजिनवर पेटतो. म्हणजे गाडी बंद पडली की उजेडही गेला. आपला हा बिबट्यांचा भाग. पहाटे पाचला दोन्ही बाजूंना ऊस आणि मध्ये बंद गाडी, हा प्रसंग कुणावर येऊ नये. प्लग, पेट्रोलचा पाइप आणि क्लचची वायर वेळेत बदला, गाडीत एक जास्तीचा प्लग आणि चांगली बॅटरी ठेवा. म्हणजे हातातली बॅटरी, बरं का.

पेट्रोलच्या पाइपवरून आठवलं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि वायसर त्याचा विचार करून बनवलेले नाहीत. ते कडक झाले, चिरले का ते बघत राहा. इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर पेट्रोल कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करा.

मग बोअर की विक्री?

कॉम्प्रेशनवरून बोअर करणंच भाग आहे असं ठरलं, तर सिलिंडर उघडल्यावर स्वतः समोर उभे राहा. कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली हलवून बघायला सांगा. बाजूला थोडा हलला तर चालतो. वर-खाली टकटक केली तर क्रँकचंही काम निघालं आणि खर्चाचं गणित बदललं. झिजलेल्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकून घेऊ नका, ते पैसे टिकत नाहीत. बोअर केलं तर पहिले काही शे किलोमीटर कॅन न लावता सावकाश चालवा आणि पहिलं ऑईल लवकर बदला.

कागदही बघा. दुचाकीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं. त्यानंतर गाडी तपासून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं, पर्यावरण कर भरावा लागतो. २०११ च्या गाडीची ही वेळ २०२६ ला येते. इंजिनवर खर्च करण्याआधी रिपासिंग, विमा, टायर आणि ब्रेक यांचा खर्च एकाच कागदावर मांडा. चासी गंजलेली असेल आणि क्रँकही गेला असेल, तर भावाचं ऐका. नाहीतर घाई करू नका.

आपल्या श्रोत्यांनी पुढचे तीन रविवार काडी बघितली. ऑईल खरंच उतरत होतं. त्यांनी तेवढं भरलं आणि गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन मोजून मागितलं. ते ठीक निघालं. हेड उघडून व्हॉल्व्ह सील बदलले, बोअर वाचलं. पण पुढचं चाक काढल्यावर ब्रेकचं लायनर पार संपलेलं सापडलं. धुराच्या काळजीत तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं, आणि त्याच ब्रेकवर ते रोज कॅन घेऊन उतरत होते.

म्हणून शेवटचं काम. दहा रुपयांची वही घ्या. तारीख, किलोमीटर किंवा फेऱ्या, किती ऑईल भरलं, काय बदललं, एवढंच लिहा. सहा महिन्यांनी गाडी काय खाते ते वहीच सांगेल, आणि विकायची वेळ आलीच तर घेणाऱ्यालाही ती दाखवता येईल.

तुमच्या गाडीचं रनिंग किती झालं आणि शेवटची काडी कधी बघितली, ते नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर सावकाश चालवा, हेल्मेट घाला.