सूर्यनमस्कार आणि हृदयाचा हिशेब

मराठीत आसने 'करतात', प्राणायामही 'करतात'. पण नमस्कार मात्र 'घालतात' आणि जोर 'काढतात'. मराठीच्या अध्यापकाच्या नजरेतून असला फरक सुटत नाही. भाषेने नमस्काराला आसनांच्या पंक्तीत न बसविता जोरबैठकांच्या शेजारी बसविले आहे. यात थोडे शहाणपण असावे, असे मला पूर्वीपासून वाटे. आता प्रयोगशाळेतील आकडेही जवळजवळ तेच सांगू लागले आहेत. त्या आकड्यांची ओळख वाचकांना करून द्यावी, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

प्रश्न आजच्या घराघरातला आहे. सकाळी सतरंजी पसरून अर्धा तास आसने, दहा मिनिटे प्राणायाम, मग शवासन, असा क्रम नेमाने पाळणारी मंडळी आपल्या ओळखीत पुष्कळ असतात. वर्षाकाठी रक्त तपासले की मात्र त्यांतली कित्येक जण बुचकळ्यात पडतात. "आम्ही रोज योग करतो, मग साखर का वाढते? दोन जिने चढले की धाप का लागते?" आमच्या कॉलेजच्या शिक्षकखोलीत हा वाद आठवड्यातून एकदा तरी रंगतो. एक पक्ष म्हणतो, योग केला की दुसऱ्या व्यायामाची गरजच नाही. दुसरा म्हणतो, योग हा व्यायामच नव्हे. माझ्या मते दोन्ही पक्ष निम्मे बरोबर आहेत.

वाद क्षुल्लक मात्र नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर असल्याचे आढळले, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले त्याहूनही अधिक, सुमारे साडेतेरा कोटी. खेड्यांपेक्षा शहरांत हे प्रमाण जास्त. म्हणजे खुर्चीवर बसून पोट भरणारे तुम्ही-आम्ही!

औंधचे राजेसाहेब

नमस्काराचा विषय काढावा आणि औंधचे नाव घेऊ नये, हे महाराष्ट्रात शक्य नाही. सातारा जिल्ह्यातील या छोट्या संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांना तरुणपणी सँडोच्या व्यायामपद्धतीचा नाद होता. पुढे ते नमस्काराकडे वळले आणि त्याचे असे प्रचारक झाले की संस्थानातील शाळांत मुलामुलींना त्यांनी नमस्कार घालावयास लावले. पुस्तके लिहिली, व्याख्याने दिली. १९३८ साली लंडनमध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले आणि आपला साष्टांग नमस्कार सातासमुद्रापलीकडे गेला. इकडे महाराष्ट्रात या नमस्कारांचे वेड इतके पसरले की आचार्य अत्र्यांनी १९३३ साली 'साष्टांग नमस्कार' हे नाटक लिहून त्या वेडाची यथेच्छ थट्टा केली. ज्या गोष्टीवर अत्रे नाटक लिहितात ती घरोघर पोचलेली असते, हे निराळे सांगावयास नको.

आता एक गंमत पाहा. हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत आज आपण घालतो तो नमस्कार सापडत नाही. उलट 'हठप्रदीपिके'वरील ब्रह्मानंदांच्या 'ज्योत्स्ना' टीकेत पुष्कळ सूर्यनमस्कार घालणे हे जड ओझी वाहण्याबरोबर, शरीराला क्लेश देणाऱ्या आणि योग्याने टाळावयाच्या गोष्टींत मोजले आहे. त्या टीकाकारांना समाधी साधावयाची होती. घाम गाळणे हा त्यांच्या दृष्टीने अडथळा. आपल्याला तूर्त समाधीची घाई नाही. आपल्याला हृदय आणि साखर सांभाळावयाची आहे. तेव्हा त्यांनी ज्याला क्लेश म्हटले, नेमके तेच आपल्या कामाचे!

योगाला मोजमाप लावण्याचे कामही महाराष्ट्रातच नेटाने सुरू झाले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढून आसने व प्राणायाम यांवरील प्रयोग त्यात प्रसिद्ध केले. श्रद्धेने सांगितलेली गोष्टही मोजून पाहावी, हा त्यांचा धडा आजही गिरविण्याजोगा आहे.

एकाच नमस्काराचे दोन भाव

मोजतात कसे, ते आधी पाहू. माणूस स्वस्थ बसलेला असताना त्याला दर मिनिटाला, वजनाच्या दर किलोमागे, सुमारे साडेतीन मिलिलिटर प्राणवायू लागतो. याला 'एक मेट' म्हणतात. श्रम वाढले की मेट वाढतात. तीनच्या खाली हलके श्रम, तीन ते सहा मध्यम, सहा व त्यापुढे जोरकस, अशी ढोबळ प्रतवारी आहे.

अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, योगाचा सराव असलेल्या वीस जणांना बंद खोलीत ठेवून त्यांच्या श्वासाचे मोजमाप केले. जवळजवळ तासभराच्या त्या योगाची सरासरी भरली अवघी अडीच मेट. नाडी मिनिटाला सुमारे त्र्याण्णव. ताशी सव्वातीन किलोमीटर रमतगमत चालावे, तेवढेच हे श्रम. त्यातल्या त्यात सूर्यनमस्काराचा भाग वरचढ, पण तोही २.९ मेटवर थांबला. प्राणायामाचा आकडा तर आणखी खाली, एकच्या थोडा वर असतो. 'योग हा व्यायामच नव्हे' म्हणणाऱ्या पक्षाला येथे टाळ्या वाजवावयास हरकत नाही.

पण थोडे थांबा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात सहा निरोगी भारतीयांनी सूर्यनमस्कारांच्या चार फेऱ्या केल्या. त्यांना दर किलोमागे सरासरी सव्वीस मिलिलिटर प्राणवायू लागला. सव्वीस भागिले साडेतीन करून पाहा: सात मेटच्या वर! हृदयाचे ठोके त्यांच्या वयाच्या कमाल मर्यादेच्या सरासरी ऐंशी टक्क्यांवर गेले आणि चौथ्या फेरीत नव्वदवर. साठ किलो वजनाच्या माणसाला अर्ध्या तासात २३० कॅलरी खर्च होतील, असा हिशेब निघाला. हे मिनिटाला साडेसात कॅलरींच्या वर झाले.

या दोहोंच्या मध्ये २००४ सालचा, आपल्या सैन्यातील एकवीस जवानांवरचा प्रयोग ठेवावा. त्यात एका नमस्काराला एकूण १३.९१ कॅलरी लागल्या. मिनिटाला सरासरी ३.७९. भागाकार केला म्हणजे कळते की एका नमस्काराला साडेतीन मिनिटांहून अधिक वेळ दिला होता. प्रत्येक स्थितीत थांबून, सावकाश घातलेला हा नमस्कार.

सहा माणसांवरून जगाचा निष्कर्ष काढू नये, हे खरे. शिवाय तिन्ही प्रयोगांतील माणसे वेगळी. तरीही एवढे उघड दिसते की श्रमाचे माप 'नमस्कार' या नावात नाही, तो घालण्याच्या गतीत आणि अखंडतेत आहे. तीच बारा अंगे, तेच मंत्र. पण एकाचा भाव तीन मेट, दुसऱ्याचा सात.

हृदयाला आणि साखरेला काय मिळते?

जलद नमस्कारात मांड्या, पाठ, खांदे, दंड असे मोठमोठे स्नायू एकामागून एक कामास लागतात. त्यांना रक्त हवे, म्हणून हृदय वेगाने आणि जोराने आकुंचन पावते. ही सवय महिनोन्महिने राहिली की ते एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते, आणि एरवीच्या वेळी त्याला कमी ठोके पुरतात. जिना चढताना धाप कमी लागते ती यामुळे.

साखरेची गोष्ट याहून मनोरंजक आहे. इन्सुलिन म्हणजे पेशीच्या दाराची किल्ली, असे समजा. मधुमेहात पुष्कळदा किल्ली असते, पण कुलूप गंजलेले असते. काम करणारा स्नायू मात्र किल्लीची वाट न पाहता आतूनच दार उघडतो आणि रक्तातली साखर ओढून घेतो. व्यायाम संपल्यावरही ते कुलूप एक-दोन दिवस थोडे सैल राहते. म्हणूनच रविवारी एकदम शंभर नमस्कार घालून उरलेला आठवडा लोळत काढणे हा तोट्याचा व्यवहार होय. दोन दिवसांहून मोठा खंड पडू देऊ नये.

मग सावकाश आसने फुकट गेली काय? मुळीच नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात सदतीस चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. काहीच व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत योग करणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सरासरी पाच अंशांनी उतरलेला दिसला. वजन व कोलेस्टेरॉल यांतही सुधारणा होती. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सुमारे चार हजार भारतीय रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२० साली आले. योगाचे शिक्षण मिळालेल्यांना प्रकृती अधिक बरी वाटत होती आणि ते पूर्वीच्या कामांना अधिक प्रमाणात लागले. मृत्यू किंवा पुन्हा झटका येणे यांत मात्र निश्चित म्हणावा असा फरक दिसला नाही. योगाची बाजू मांडताना हेही सांगितलेच पाहिजे. तात्पर्य, सावकाश आसने मन शांत करतात, सांधे मोकळे ठेवतात, रक्तदाबाला हातभार लावतात. दम वाढविण्याचे काम त्यांच्या गळ्यात घालू नये.

किती आणि कसे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस श्रम सांगितले आहेत. पंचाहत्तर मिनिटे म्हणजे पाच दिवस रोज पाव तास. गृहिणी असो वा ऑफिस गाठणारा चाकरमानी, पाव तास आणि सहा फूट जमीन कोणालाही मिळू शकते.

पहिला आठवडा चार सावकाश नमस्कारांनी सुरू करावा. श्वास कोंडू नये. कोंडला की रक्तदाब चढतो. प्रकृतीला मानवेल तसे दर आठवड्याला दोन वाढवावे. बारा नमस्कार सहज होऊ लागले की मधली थांबणी कमी करून ते पाच-सहा मिनिटांत बसवावे, आणि मग फेऱ्या वाढवाव्या. कसोटी सोपी आहे. घालताना सूर्याचे नाव स्पष्ट उच्चारता येते, पण पुरते वाक्य बोलताना दम लागतो, ही जोरकस श्रमाची खूण. शेजारणीशी सुखाने गप्पा चालल्या असतील तर गती वाढवावी. नावही उमटेनासे झाले तर कमी करावी. शेवटी पाच मिनिटे शवासन. ते चुकवू नये.

आणि पथ्य. छातीत दुखत असेल, रक्तदाब ताब्यात नसेल, हर्निया किंवा पाठीच्या मणक्याचा विकार असेल, काचबिंदू किंवा मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याला इजा झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोके खाली नेणारे जलद नमस्कार घालू नयेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर एकाएकी उतरते हे ध्यानात ठेवावे. चाळिशी उलटल्यावर प्रथमच आरंभ करणाऱ्याने तपासणी करून घेतलेली बरी. ज्यांना नमस्कार मानवत नाहीत त्यांनी भरभर चालावे. हृदयाला श्रम हवे असतात, ते कशाने झाले याची त्याला फिकीर नसते.

दिवाळीत पहाटे उठण्याची सवय आपोआप लागतेच. अभ्यंगस्नानाच्या आधी चार नमस्कार घालून पाहावे. ताटातल्या चकल्या आणि करंज्या त्यांनी नाहीशा होणार नाहीत, पण पाडव्यानंतरही पहाटेचा तो पाव तास टिकला तर पुढच्या दिवाळीला जिना चढताना त्याचा हिशेब आपला आपल्यालाच कळेल.