हिरवी सतरंजी, काळे दाणे

टिटवाळा म्हटले की बाहेरच्या माणसाला महागणपती आठवतो. गावातल्या मुलांना मात्र हल्ली त्याच्या जोडीने आणखी एक ठिकाण सुचते : उंच जाळीने वेढलेले, रात्री दिव्यांनी झगमगणारे ‘टर्फ’. तासाचे भाडे सर्वांनी वर्गणीने जमवायचे आणि क्रिकेट वा फुटबॉल खेळायचा. माझा धाकटा भाऊ त्यांतलाच. तो घरी आला की बुटांतून काळे दाणे ओसरीवर सांडतात आणि आई केरसुणी घेऊन उभी राहते. हे दाणे कसले, या कुतूहलातून मी थोडे वाचन केले. मी कला शाखेची. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीलाच सुटला. तेव्हा जे समजले ते साध्या भाषेतच सांगते.

या सतरंजीचा जन्म गरजेपोटी झाला. अमेरिकेत ह्यूस्टन येथील छप्पर असलेल्या ॲस्ट्रोडोम स्टेडियममध्ये खरे गवत उन्हाअभावी मेले, म्हणून १९६६ साली तेथे प्लास्टिकचे गवत अंथरले गेले. आपल्याला त्याची ओळख झाली ती हॉकीमुळे. १९७५ चा विश्वचषक आपण क्वालालंपूरच्या गवतावर जिंकला आणि पुढच्याच वर्षी माँट्रिऑल ऑलिंपिकच्या कृत्रिम मैदानावर सातवे आलो. पण हॉकीचे ते मैदान पाणी मारून ओले ठेवतात, त्यात दाणे नसतात. आपल्याकडील फुटबॉलच्या टर्फमध्ये प्लास्टिकच्या पात्यांच्या बुडाशी वाळू आणि रबराचे दाणे भरतात. हे दाणे बहुधा जुन्या टायरांचा चुरा असतो. पाती उभी राहावीत, चेंडू नीट उसळावा आणि पडणाऱ्याला मार कमी लागावा, हा त्यांचा उपयोग.

टायरमध्ये काजळी, तेले, जस्त असते. त्यांतील काही हायड्रोकार्बने कर्करोगास कारण ठरू शकतात. म्हणूनच युरोपीय संघाने ऑगस्ट २०२२ पासून अशा आठ द्रव्यांची दाण्यांतील एकूण मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम केली. मात्र येथे घाबरून जाण्याचे कारण नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना, विशेषतः गोलरक्षकांना, कर्करोग होत असल्याची ओरड झाली होती; राज्याच्या आरोग्य खात्याने चौकशी केली, तेव्हा २०१७ साली अपेक्षेपेक्षा अधिक प्रमाण आढळले नाही. तेथील पर्यावरण संस्थेच्या २०२४ च्या अहवालानेही दाण्यांत ही द्रव्ये आहेत, पण शरीरात जाण्याचे प्रमाण मर्यादित दिसते, असेच म्हटले.

माझ्या मते आपल्या मुलांना खरा धोका आहे तो उन्हाचा, आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढीत नाही. खरे गवत पानांतून पाणी सोडून स्वतःला थंड ठेवते. प्लास्टिकला ती विद्या नाही. काळे रबर तर ऊन पिऊनच घेते. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने २००२ साली मोजमाप केले. तापलेल्या टर्फवर पाणी मारताच पृष्ठभाग ७९ अंशांवरून २९ अंशांवर आला. पाच मिनिटांत ४९ झाला आणि वीस मिनिटांत ७३! म्हणजे आमच्याकडे नळी घेऊन दुपारी पाणी शिंपडतात, ते केवळ मनाचे समाधान. आणि गंमत अशी, की संध्याकाळनंतरचे भाडे जास्त व भर दुपारचे कमी. नोकरदार मंडळी गार वाऱ्यात खेळतात, आणि ज्यांच्या खिशात पैसे थोडे ती शाळकरी पोरे एप्रिल-मेमध्ये बारा ते चार खेळतात. मुलाचे शरीर मोठ्यापेक्षा लवकर तापते, हे येथे कोणाला सांगायचे?

दुसरे खरचटण्याचे. टर्फवर घसरले की गुडघा सोलतो, भाजल्यासारखा. मुले त्यावर फुंकर घालून पुन्हा खेळतात. २००३ साली सेंट लुई रॅम्स या व्यावसायिक संघातील पाच खेळाडूंना अशाच जखमांतून नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंची लागण झाली होती. साबण व पाण्याने जखम लगेच धुवावी, झाकावी आणि टॉवेल दुसऱ्याचा वापरू नये, एवढे केले तरी पुष्कळ.

टर्फ नकोच, असे मी म्हणणार नाही. चार महिने आमच्या मोकळ्या जागा चिखलात असतात, आणि उरलेल्या आठ महिन्यांत त्यांवर इमारती उभ्या राहतात! दिव्यांमुळे मुलींनाही संध्याकाळी खेळता येते, हे मी डोळ्यांनी पाहते. पण पावसात हेच दाणे वाहून गटारात, गटारातून नाल्यात, काळू नदीत, पुढे उल्हासमधून वसईच्या खाडीत जाऊ शकतात. युरोपात असे प्लास्टिकचे व रबराचे दाणे विकण्यास २०३१ पासून बंदी येणार आहे. तेथे नारळाचा काथ्या आणि बुचाचा भुगा हे पर्याय वापरात आहेत. काथ्या आपल्या कोकणाला काही परका नाही.

आमच्या भागातील एका टर्फचालकाला मी विचारले, उन्हाळ्यात दुपारी बंद का ठेवीत नाही? तो म्हणाला, “ताई, शाळेची पोरं त्याच वेळी येतात. बंद ठेवलं तर ती रेल्वेच्या रुळांकडे खेळायला जातील.” सकाळी सहा ते आठ हाच स्वस्त दर लावता येईल का, असे मी म्हटले, तेव्हा त्याने वही काढून पाहिली. तेवढ्या वेळात दोन तास रिकामे होते.